दुसरी खेप

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची साधने चाळणाऱ्याला हवेहवेसे मूल पदोपदी भेटते. त्याच्या जन्मपत्रिका आहेत, बारशाचे जमाखर्च आहेत, फेडलेल्या नवसांचे उल्लेख आहेत. सरदार-संस्थानिकांच्या दफ्तरांत तर पुत्रजन्माप्रीत्यर्थ वाटलेल्या साखरेचाही हिशेब सापडतो. नको असताना राहिलेल्या गर्भाच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. तो इतिहासात शिरतो तो फौजदारी खात्याच्या दाराने : पंचनाम्यात, जबानीत, शिक्षेच्या हुकमात. त्यातही जी बाई एकदा सापडली तिचेच नाव कागदावर चढते. जी विवाहाच्या संपूर्ण संमतीने आणि स्वतःच्या शरीराच्या संपूर्ण असंमतीने दर दीड-दोन वर्षांनी गरोदर राहत गेली तिच्याविषयी दफ्तर मौन पाळते, कारण तिच्या दुःखाला कोणत्याही कायद्याचे कलम लागू होत नव्हते. एक बाळंतपण किंवा एक गर्भपात उरकल्यावर दुसरी नकोशी खेप या बाईवर येऊ नये म्हणून या प्रांतात दीडशे वर्षांत कोणी कोणते यत्न केले, आणि ते कोठे अपुरे पडले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आरंभ अर्थातच विधवेपासून करावा लागतो, कारण समाजाला पहिली जाग आली ती तिच्यामुळे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडले, वाट चुकलेल्या अथवा चुकविल्या गेलेल्या विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल न्यावे किंवा ठेवावे असे जाहीर केले, आणि अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, पुढे दत्तक घेतले. पंढरपुरात, जेथे यात्रेच्या निमित्ताने अशा कित्येक अभागिनी कायमच्या सोडून दिल्या जात, लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये त्याच धर्तीची संस्था उभी राहिली. या गृहांनी अनेक अर्भकांचे प्राण वाचविले आणि अनेक स्त्रियांची काळ्या पाण्याची शिक्षा टाळली. परंतु त्या वास्तूंतून बाहेर पडणारी स्त्री पुन्हा त्याच घरी, त्याच दिराच्या किंवा सासऱ्याच्या छायेखाली परत गेली म्हणजे तिचे पुढे काय होणार, या प्रश्नाला उत्तर देण्याचे साधन त्या काळी संस्थाचालकांच्या हाती नव्हते. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व पुढे ती कमी करण्यात आली. त्या प्रकरणावरील चर्चेने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि दोघांच्या अपराधाची शिक्षा एकटीलाच का, हा प्रश्न इतक्या रोखठोकपणे मांडला की पुढल्या पन्नास वर्षांतील पुष्कळ सुधारकी लिखाण त्यापुढे भिडस्त वाटावे.

विवाहित स्त्रीची कथा निराळी होती. तिच्या दोन खेपांमध्ये अंतर ठेवण्याचे काम शास्त्राने नव्हे तर रूढीने चालविले होते, आणि ते अगदीच वाईट चालले होते असेही म्हणता येत नाही. पहिलटकरीण सातव्या महिन्याच्या सुमारास माहेरी जावी, तेथे बाळंत व्हावी, सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत काढावा, आणि त्यानंतरही चार-दोन महिने आईच्या हाताखाली शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि अळीव खाऊन अंग धरल्यावरच सासरची वाट धरावी, हा रिवाज केवळ कोडकौतुकाचा नव्हता. तो नवऱ्यापासून दूर राहण्याचा एक प्रतिष्ठित परवानाही होता. त्यात मूल अंगावर पीत असेतो दिवस राहत नाहीत, हा जुन्या बायकांचा ठोकताळा. आधुनिक वैद्यकाने तो सर्वस्वी खोटा ठरविला नाही, उलट त्याच्या मर्यादा नेमक्या आखून दिल्या : मूल सहा महिन्यांच्या आतले असावे, ते रात्रंदिवस केवळ आईच्या दुधावर असावे, आणि आईची पाळी परत आलेली नसावी, या तिन्ही अटी पाळल्या गेल्या तर संरक्षण शेकडा अठ्ठ्याण्णव इतके मिळते, असे १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी ठरविले. यांतील एक अट सुटली की भरवसा सुटला. आजीबाईंच्या ठोकताळ्यात अटी नव्हत्या, आणि म्हणूनच दूध चालू असताना दिवस राहिलेल्या बायकांची प्रत्येक आळीत एकदोन उदाहरणे असत.

आणि ज्यांना माहेर परवडत नव्हते त्यांचे काय? मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया बाळंतपणानंतर पोटासाठी लवकरच खात्यात परत येत. मूल खोलीवर कोणा म्हातारीजवळ, अफूची बाळगोळी देऊन निजविलेले असे. १९२२ च्या सुमारास डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांनी मुंबई सरकारसाठी या स्त्रियांची जी पाहणी केली तिच्यात ही अफूची चाल जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे नमूद आहे. मूल दिवसभर अफूच्या गुंगीत आणि आई दिवसभर साच्यावर, म्हणजे अंगावरचे पाजणे रात्रीपुरतेच उरले, आणि त्याबरोबर निसर्गाने दिलेले ते अल्पसे अंतरही गेले. बाळंतपणाची रजा व भत्ता देणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ साली झाला. रूढीचे छत्र मुळातच सुस्थितीतील घरांपुरते होते. शहराने आणि कारखान्याने ते ज्यांच्या डोक्यावरून प्रथम काढून घेतले त्या स्त्रियांसाठी दुसरे काही उभारणे हे कोणाचेच काम नव्हते.

ते काम स्वतःहून अंगावर घेणारा मनुष्य गणिताचा प्राध्यापक असावा, ही योगायोगाची गोष्ट असली तरी अनुचित मात्र नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ सालचा, कोकणातील मुरूडचा. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याची आई राधाबाई बाळंतपणातच गेली. पुढे त्यांनी अनाथ विधवांच्या उद्धारासाठी हिंडणारा बाप पाहिला, पॅरिसला जाऊन गणिताचा अभ्यास केला, विल्सन कॉलेजात अध्यापन केले. आणि १९२१ साली, ज्या वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले पहिले केंद्र उघडले त्याच वर्षी, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. पत्नी मालतीबाई या उद्योगात त्यांच्या बरोबरीने होत्या; स्वतःला मूल नको असे उभयतांनी ठरविले आणि त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली ती रघुनाथरावांनी. या एका गोष्टीतच ते आपल्या पुढच्या पिढ्यांतील बहुसंख्य सुशिक्षित पुरुषांच्या पुढे आहेत. कॉलेजच्या चालकांना प्राध्यापकाचा हा उद्योग मानवला नाही आणि १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. गणिताच्या विद्यार्थ्यांचे नुकसान झाले खरे.

कर्व्यांच्या केंद्राची साधने आजच्या दृष्टीने ओबडधोबड होती : रबराची टोपी, औषधी मलम, स्पंज, पुरुषांसाठी रबरी पिशवी. परंतु त्या टोपीत एक गुण होता, ज्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ती टोपी प्रत्येकीच्या शरीराचे माप घेऊन द्यावी लागे, आणि बाळंतपणानंतर शरीराचे माप बदलत असल्यामुळे प्रत्येक खेपेनंतर ते माप पुन्हा घ्यावे लागे. म्हणजे साधनच असे की स्त्रीने एकदा येऊन भागणार नाही. तिने परत यावे, तिला परत तपासावे, काय जमले नाही ते विचारावे, आणि काही जमले नसेल तर तिला न रागावता दुसरे सुचवावे. पुढे सरकारी कार्यक्रमाने टोपी टाकून दिली ती योग्यच केली, कारण पाण्याचा नळ आणि आडोसा नसलेल्या घरात ती वापरणे दुरापास्त होते. मात्र टोपीबरोबर तो परत येण्याचा रिवाजही टाकला गेला. कर्व्यांच्या दारी गिरणी-कामगारांच्या बायका फारशा आल्या नाहीत, येणारे बहुतेक पांढरपेशे होते, हा आक्षेप खरा आहे. दिवसाची मजुरी बुडवून, नवऱ्याची नजर चुकवून ट्रामने येणे ज्या बाईला शक्य नव्हते तिच्यासाठी केंद्रच तिच्या दारी जावयास हवे होते, आणि ते एका नोकरी गमावलेल्या माणसाच्या खिशात मावणारे काम नव्हते.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालविले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात उत्तरे दिली जात, आणि त्या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा दुसरा खटला भरला गेला. पहिला १९३१ सालचा, व्यभिचारविषयक लेखाबद्दलचा होता. दुसऱ्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. दोन्ही वेळा दंड झाला. ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता व त्याला संततिनियमनाच्या अमेरिकी पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना मिळविली होती. ज्यांच्या कादंबऱ्यांतील नायक-नायिका सहसा विवाहाच्या उंबरठ्याशीच वाचकांचा निरोप घेतात त्या लेखकाने उंबरठ्यापलीकडील संकटाचा इतका विचार करावा, ही गंमत नोंदवून ठेवण्याजोगी आहे. मात्र फडके आणि त्या काळचे इतर कित्येक पुरस्कर्ते ‘सुप्रजा’ या कल्पनेने भारलेले होते. कोणी जन्मावे आणि कोणी जन्मू नये याचा निवाडा करण्याची हौस त्यांच्या लेखनात डोकावते, आणि बाईला काय हवे हा प्रश्न त्या हौसेखाली दडपला जातो. कर्व्यांचा भर बाईच्या इच्छेवर अधिक होता, म्हणून ते अधिक एकाकी राहिले.

डिसेंबर १९३५ मध्ये सँगरबाई वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. संयमाखेरीज दुसरा उपाय गांधीजींना मान्य नव्हता, आणि भेटीने कोणाचेच मत बदलले नाही. त्यापेक्षा अधिक महत्त्वाची, पण फारच थोड्यांना ठाऊक असलेली घटना १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात घडली. स्वतंत्र मजूर पक्षाचे नगरकडील सभासद प्रभाकर जनार्दन रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराची आणि साधनांची तजवीज सरकारने करावी असा ठराव मांडला, डॉ. आंबेडकर त्या दिवशी हजर नव्हते, त्यांचे लेखी भाषण रोहम यांनी वाचून दाखविले. त्या भाषणाचा रोख लोकसंख्येच्या कोष्टकांपेक्षा बाईच्या प्रकृतीकडे होता : वारंवारच्या बाळंतपणाने स्त्रिया खंगतात, मरतात, आणि गर्भ नको असेल तेव्हा तो टाळण्याची मुभा सर्वस्वी तिच्या हाती असावी, प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून अधिक मुलांना एकही पुरुष राजी झाला नसता, असा त्यातील युक्तिवाद. ठराव मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. तो मंजूर होता तर मुंबई इलाख्याने स्वातंत्र्यापूर्वीच, दिल्लीच्या चौदा वर्षे अगोदर, हे काम हाती घेतले असते, आणि ते आकड्यांच्या भीतीपोटी नव्हे तर बाईच्या हक्कापोटी घेतले असते. मला हा आपल्या विधिमंडळाच्या इतिहासातील एक मोठा गमावलेला दिवस वाटतो.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले. असे करणारा तो जगातील पहिला देश. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांच्या यजमानपदाखाली, या कार्याची जागतिक संघटना स्थापन झाली. पुण्यात शकुंतलाबाई परांजपे, रँग्लर परांजप्यांच्या कन्या, ‘कुंकू’ चित्रपटातील भूमिकेमुळे प्रेक्षकांस परिचित, पुढे विधानपरिषदेच्या आणि राज्यसभेच्या सभासद, हे काम कित्येक वर्षे निर्भीडपणे करीत होत्या. परंतु सरकारी यंत्रणा एकदा चालू झाली की तिला मोजमाप लागते, आणि मोजता येईल तेच काम खरे असा तिचा समज हळूहळू होतो. १९६५ मध्ये गर्भाशयात बसवावयाचा ‘लूप’ आला. पहिल्या दोन वर्षांत देशभर दरसाल आठ-नऊ लाख स्त्रियांना तो बसविला गेला आणि मग आकडा झपाट्याने उतरू लागला. रक्तस्राव झाला, पाठ दुखली, कोणाचा लूप निसटून पडला व बाई नकळत गरोदर राहिली; बसविणारे पथक मात्र तोवर पुढच्या तालुक्याला गेलेले. बाईच्या तक्रारीला ‘अफवा’ म्हणून नाव पडले. अफवा काही होत्याच. पण ज्या बाईला सांगितलेच गेले नाही की पहिले काही महिने पाळी जास्त जाईल, तिला आपल्या अंगावरून जाणारे रक्त ही अफवा वाटणे शक्य नव्हते.

या धडपडीत एक शहाणपणाची कल्पना पुढे आली. १९६९ मध्ये निवडक मोठ्या रुग्णालयांतून प्रसूतिपश्चात कार्यक्रम सुरू करण्यात आला. त्याचे तत्त्व सरळ होते. जिचे बाळंतपण आताच झाले ती बाई याविषयी ऐकण्यास जेवढी तयार असते तेवढी एरवी क्वचितच असेल. ती आधीच रुग्णालयात आहे, डॉक्टर आणि परिचारिका समोर आहेत, नवरा डबा घेऊन येतोच आहे. तेव्हा बोलावयाचे ते आताच. शरीरशास्त्रही याच बाजूचे आहे. जी अंगावर पाजत नाही तिला बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातच पुन्हा गर्भ राहण्याची शक्यता निर्माण होते, आणि गर्भपातानंतर तर दोन आठवड्यांच्या आत. पहिली पाळी येण्याची वाट पाहणारीला ती पाळी कधी कधी दिसतच नाही, थेट दिवस राहतात. सव्वा महिन्याचा विटाळ फिटेपर्यंत थांबू, मग बघू, हा हिशेब म्हणूनच चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की बाळंतपणानंतर पुन्हा गरोदर राहण्यापूर्वी निदान दोन वर्षे, आणि गर्भपातानंतर निदान सहा महिने जाऊ द्यावेत.

तत्त्व चोख, अंमल एकांगी. प्रसूतिपश्चात कार्यक्रमाच्या खाटेपाशी जो प्रश्न विचारला गेला तो ‘पुढचे मूल केव्हा हवे’ हा नव्हता, ‘पुरे ना आता’ हा होता. दोन-तीन मुलांच्या आईला टाक्याच्या शस्त्रक्रियेसाठी आग्रह झाला; पहिलटकरणीला, जिला मूल आणखी हवे होते पण इतक्यात नको होते, पाळणा लांबवा असा भिंतीवरचा सल्ला मिळाला आणि फार तर पाच पैशांचा ‘निरोध’. वास्तविक दुसऱ्या नकोशा खेपेचा धोका तिलाच सर्वांत मोठा. शिवाय त्या काळी बहुसंख्य स्त्रिया घरीच, सुईणीच्या हातून बाळंत होत, त्यामुळे जे काही चांगले घडे ते शहरातल्या रुग्णालयाच्या फाटकाशी थांबे.

याच सुमारास गर्भपाताच्या कायद्याची मसलत चालू होती. दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमान्वये, बाईचा जीव वाचविण्याचे कारण सोडले तर, पोट पाडणे गुन्हा होता आणि तो गुन्हा गावोगाव चोरून, काड्या घालून, जीव घेऊन चालत होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये समिती नेमली गेली, डिसेंबर १९६६ मध्ये तिने अहवाल दिला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. त्यातील एक स्पष्टीकरण मला त्या काळाच्या मानाने विलक्षण उदार वाटते : विवाहित स्त्रीने किंवा तिच्या नवऱ्याने वापरलेले साधन निष्फळ ठरून गर्भ राहिला, तर त्यामुळे होणारी मानसिक यातना हीच गर्भपातास पुरेसे कारण समजावी. साधने चुकतात, माणसे चुकतात, आणि त्या चुकीची शिक्षा नऊ महिने भोगावयास लावू नये, असे या देशाच्या संसदेने लिहून ठेवले. ‘विवाहित’ हा शब्द काढून टाकावयास मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

कायद्याखालील सरकारी तक्त्यात आणखी एक रकाना होता : किती गर्भपात संततिप्रतिबंधक उपाय स्वीकारून झाले. रकान्याचा हेतू चांगला. गर्भपातासाठी आलेली बाई पुन्हा त्याच कारणासाठी येऊ नये म्हणून तिला त्याच वेळी साधन मिळावे, हाच नकोशी पुनरावृत्ती टाळण्याचा सर्वांत नेमका उपाय आहे. पण रकाना भरण्याची घाई झाली आणि ‘पिशवी साफ करून हवी असेल तर तांबी बसवून घ्या, नाहीतर ऑपरेशन करा’ अशी अट कित्येक ठिकाणी घातली जाऊ लागली. परिणाम उघड होता. अट नको असलेली बाई सरकारी दवाखाना टाळून गल्लीतल्या वैदूकडे किंवा परवाना नसलेल्या डॉक्टरकडे गेली. आणि अट मुकाट्याने मान्य केलेल्या कित्येकींनी दोन महिन्यांत तांबी काढून टाकली. सक्तीने बसविलेले साधन टिकत नाही, हे जाणण्यास संशोधनाची आवश्यकता नव्हती. दुसऱ्यांदा गर्भपातास आलेल्या स्त्रीकडे ज्या नजरेने पाहिले जाते तिच्याविषयीही येथेच बोलले पाहिजे. ‘मागच्या वेळी सांगितले होते ना’ या वाक्याने तिचे स्वागत होते. मागच्या वेळी नेमके काय सांगितले होते, ते तिला कळले होते का, आणि घरी तिचे कोण ऐकणार होते, हे विचारण्यास वेळ नसतो.

आणीबाणीविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील सुमारे बासष्ट लाख पुरुषांच्या. महाराष्ट्राने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या शस्त्रक्रियेचे विधेयक १९७६ मध्ये विधिमंडळात संमतही केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. निवडणुकीत सरकार गेले, खात्याचे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले, आणि पुरुष या विषयातून जवळजवळ कायमचा मोकळा झाला. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर जेथे काही वर्षांपूर्वी पुरुषांच्या शस्त्रक्रियेची केंद्रे थाटली होती, तेथे त्यांचा मागमूसही उरला नाही. पुढचा सारा भार बायकांच्या पोटावरील टाक्यांनी, आणि नंतर दुर्बिणीच्या ‘बिनटाक्याच्या’ शस्त्रक्रियेने उचलला. मार्चअखेर जवळ आली की ‘केस’ मिळविण्यासाठी नर्सबाईंपासून तलाठ्यापर्यंत सर्वांची धावपळ ही १९९६ साली उद्दिष्टे रद्द होईपर्यंत खेड्यापाड्यांत नित्याची होती. तिसरे अपत्य झाल्यास ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाण्याचा नियम मात्र त्यानंतर आला; पहिल्या आणि दुसऱ्या अपत्यांत अंतर ठेवण्यास साधन न मिळाल्यास कोणा अधिकाऱ्याचे काही जावे, असा नियम अद्याप झालेला नाही.

निराळा मार्ग दाखविणारेही याच मातीत होते. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गोळी घेतल्यावर मळमळते म्हणून घाबरलेल्या शेजारणीला धीर द्यावयास ती सेविका दुसऱ्या दिवशीही तेथेच असे, कारण ती पाणवठ्यावर रोज भेटणारी होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढू परिसरात हेच सूत्र चालविले. आणि गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली तेव्हा शंभरातील ब्याण्णव स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसले, आणि बहुतेकींची पूर्वी कधी तपासणीच झालेली नव्हती. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अहवाल छापला. इतकी वर्षे खेड्यातील बाईच्या गर्भाशयाची चिंता वाहणाऱ्या सरकारने त्या गर्भाशयाची तब्येत कधी विचारली नव्हती, हा त्याचा अर्थ. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, आणि त्याच अवस्थेत तांबी बसविली जाते. मग दोष तांबीला लागतो आणि गावातल्या पंचवीस बायका तिच्यापासून दुरावतात.

आजचे चित्र पूर्वीहून पुष्कळ बरे आहे. महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये निम्म्याहून कमी बाळंतपणे दवाखान्यात होत. आता शंभरातील नव्वदांहून अधिक होतात. एका स्त्रीमागे मुलांचे सरासरी प्रमाण १.७ पर्यंत उतरले आहे. बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत तांबी बसविण्याची पद्धत २०१० च्या सुमारास नव्याने सुरू झाली, आणि २०१७ पासून तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन व ‘छाया’ ही संप्रेरकरहित गोळी सरकारी केंद्रांत आली. ‘छाया’तील औषध लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधले गेले आणि ते अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. एवढे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली आणि शेकडा ०.३ स्त्रियांच्या नवऱ्यांची. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रिया शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, त्याही बहुधा पंचविशीच्या आगेमागेच. लग्न, दोन घाईच्या खेपा, आणि मग टाके : अंतर ठेवण्याचे साधन ज्या सहा-सात वर्षांत हवे होते ती वर्षे अशीच निघून जातात.

म्हणून ज्यांच्या घरी कोणी गरोदर असेल अशा वाचकांना एक विनंती करतो. बाळंतपणानंतर काय वापरावयाचे हे आठव्या महिन्याच्या तपासणीतच डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारावे आणि ठरवून ठेवावे; गर्भपात करावा लागला तर त्याच दिवशी विचारावे; आणि एक साधन सोसले नाही तर ते सोडून स्वस्थ न बसता दुसरे मागावे, कारण ते मागण्याचा हक्क आहे. हा प्रश्न विचारला जात असताना नवऱ्याने बाहेरच्या बाकावर बसून राहू नये. पुरुषाची नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आणि कमी धोक्याची आहे, तिचा परिणाम येण्यास तीन महिने लागतात, आणि सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य होते.